घशासाठी प्रार्थना

बनसोडेकाकांनी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घातली आणि ती गरगर फिरवायला सुरुवात केली.

"काका, हे काय करताय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"उलटी लावतोय. शिबिराला तो पुण्याचा वक्ता आला होता ना, तो म्हणाला, ही गाणी उलटी लावली की सैतानाचा निरोप ऐकू येतो."

काका एसटीच्या डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होते. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. आम्ही सगळे त्यांची पेन्सिल बघत राहिलो. चहा निवला. शेवटी टेप पूर्ण गुंडाळली गेली, काकांनी कॅसेट संडे स्कूलच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि डोळे मिटून बटण दाबलं. मघाचंच गाणं सुरुवातीपासून पुन्हा वाजायला लागलं.

"निरोप तोच दिसतोय," मेट्रनबाई म्हणाल्या.

१९९३ सालचा ऑक्टोबर होता. शनिवारी दुपारी चार वाजता पाळकसाहेबांच्या बंगल्यात आम्ही पाच जण बसलो होतो. मध्ये टेबल, टेबलावर पाळकीणबाईंनी विणलेला पांढरा रुमाल, आणि त्या रुमालावर माझ्या अकरा कॅसेटी. सगळ्यात वरच्या कॅसेटवर एक कवटी होती आणि तिच्या डोळ्यांतून साप निघाले होते. चहाचे कप नेमके तिच्या शेजारी आले होते.

चौकशी माझी होती. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथली आमची दोनशे उंबऱ्यांची ख्रिस्ती मंडळी, आणि मी शलोमी वाघचौरे, वय वर्षं सतरा. शिबिरातल्या वक्त्यानं तरुणांना सांगितलं होतं की असलं संगीत घरात असेल तर ते आणून देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात जाळा. पोरांनी उत्साहानं काय काय आणलं. एकानं वडिलांची कव्वालीची कॅसेट आणली, कारण ती ऐकून तो कंटाळला होता. खरा हेवी मेटल, वक्त्याला खटकलेला तो इंग्रजी आरडाओरडा, कुणाकडेच निघेना. मग बनसोडेकाकांच्या नातीनं, एस्तेरनं, घरी सांगितलं की शलोमीकडे अकरा आहेत. माझ्या मामेभावानं त्या मला पुण्याहून पाठवल्या होत्या.

आता अडचण अशी होती की माझे पप्पा पंच कमिटीचे चिटणीस होते. शाळेत ते गणित शिकवायचे आणि रविवारी देवळात पेटी वाजवायचे. बावीस वर्षं त्या पेटीवर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. काकांनी सभेत उभं राहून विचारलं होतं, "ज्याच्या घरात हे वाजतं, त्यानं देवळात पेटीवर बसावं का?" प्रश्न आदबीनं विचारला होता, म्हणून तो जास्त लागला.

पाळकसाहेब, रेव्हरंड उजगरे, हे निर्णय टाळण्यात फार वाकबगार होते. ते म्हणाले, "ऐकल्याशिवाय दोष कसा द्यायचा? समिती नेमू." समितीत ते स्वतः, बनसोडेकाका आणि मेट्रनबाई. इतिवृत्त लिहायला चिटणीस हवेतच, म्हणून पप्पा. आणि गाणी इंग्रजीत, शब्द फक्त मला माहीत, म्हणून मी. म्हणजे आरोपी मी, दुभाषी मी आणि कारकून माझा बाप.

कॅसेटी जळल्या तर जळल्या, असं मी वरवर म्हणत होते. ते खोटं होतं. पप्पांची पेटी जाईल या विचारानं मला झोप नव्हती, आणि कॅसेटी जातील या विचारानं तर त्याहूनही नव्हती. हे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

"शब्द काय आहेत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी पुढे वाकून त्यांच्या कानात कुजबुजले. मी तेव्हा सगळ्यांशी कुजबुजूनच बोलायचे. त्याचं कारण गावाला माहीत होतं. सहाव्या वर्षापासून नाताळचं एकटीनं म्हणायचं गीत माझं असायचं. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं बैलगाड्या जुंपून ते ऐकायला यायची. मागच्या वर्षी घशात गाठ निघाली, पुण्याला ऑपरेशन झालं, आणि नाताळचं गीत एस्तेरला गेलं. ते पप्पांनीच दिलं. आमच्या घरात खतापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर चर्चा व्हायची, फक्त माझ्या घशावर कुणी बोलायचं नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे जपून बोलायला सांगितलं होतं. मी वर्ष झालं तरी कुजबुजत होते.

तर मी कुजबुजायचे आणि पाळकसाहेब ते सगळ्यांसाठी मोठ्यानं सांगायचे. त्यांचा मोठा आवाज एकच होता, तो म्हणजे व्यासपीठावरचा.

"दार उघडा!" ते गरजले. "मी आत जळत आहे! माझ्या नावाची पाटी त्यांनी उतरवली! परंतु मी अजून मेलेलो नाही!"

आतल्या खोलीतून पाळकीणबाई धावत आल्या. "काय झालं?"

"काही नाही. गाण्याचे शब्द आहेत."

"अगं बाई," म्हणत त्या दारातच बसल्या.

"सैतानाचं नाव येतं का?" काकांनी विचारलं.

मी कुजबुजले. पाळकसाहेब म्हणाले, "एकदा येतं. त्याला हा माणूस शिव्या घालतो."

काकांनी टाळू खाजवली. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. पप्पा खाली मान घालून लिहीत होते. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की त्यांनी लिहिलेली शिवीसुद्धा आमंत्रणासारखी दिसली असती.

मग काका जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"पाळकसाहेब, मला इंग्रजी येत नाही. पण आवाज कळतो. माझा आजा गावकीत हलगी वाजवायचा. मंडळीत आला त्या दिवशी त्यानं हलगी विहिरीत टाकली. लोक म्हणाले, अरे, वाद्य आहे, त्याचा काय दोष? आजा म्हणाला, त्या आवाजाबरोबर दारू यायची, मार यायचा, उष्टं यायचं. मला तो आवाजच नको. आम्ही तिथनं उठून इथं शांत जागी आलो. आता पोरं पुन्हा तेच विकत आणायला लागली तर मी बोलू नको?"

टेपमध्ये तो माणूस अजून जिवाच्या आकांतानं ओरडत होता. मेट्रनबाईंनी हात वर केला, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. मेट्रनबाई, म्हणजे सोनूबाई भांबळ, मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं होत्या. निम्म्या तालुक्याची नाळ त्यांनी कापली होती, त्यामुळे त्यांचा हात वर गेला की आमदारसुद्धा गप्प बसायचा. त्यांनी टेपरेकॉर्डरजवळ कान नेला, तोच कान, ज्यानं त्या पेशंटची छाती ऐकायच्या.

"याचं वय काय?"

"तिशीचा असेल," मी कुजबुजले.

"याच्या गळ्यात गाठी आहेत. एक नाही, दोन. श्वास बघा कुठनं घेतोय. आणि हे ओरडणं रागाचं नाही. दुखणाऱ्याचं ओरडणं मी चाळीस वर्षं ऐकलंय." त्यांनी बटण दाबून गाणं बंद केलं. "बनसोडे, तुमचा आजा कशातनं उठून आला हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही त्याला मान देता. हे पोरगं कशातनं आलंय हे कुणी विचारलं का? याच्यासाठी कुणी प्रार्थना केली का?"

"याच्यासाठी?" काकांनी कवटीकडे बोट दाखवलं.

"मग काय, माझ्या गुडघ्यासाठी? ती तर दर बुधवारी करताच."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. निर्णय पुढे ढकलण्याची इतकी धार्मिक संधी त्यांना आजवर मिळाली नव्हती. पप्पांनी ठराव लिहिला: सदर गायकाच्या घशासाठी महिला संघानं चार बुधवार प्रार्थना करावी, तोवर अकरा कॅसेटी मेट्रनबाईंच्या ताब्यात राहाव्यात, कु. शलोमी वाघचौरे हिनं प्रार्थनेस हजर राहून वादकमंडळींची माहिती पुरवावी. त्यानंतर अंतिम निर्णय. पेटीचा विषयही तोवर तहकूब.

अशा रीतीनं सातासमुद्रापलीकडचे चार लांब केसांचे बाप्ये आमच्या महिला संघाच्या विनंत्यांच्या वहीत दाखल झाले. त्यांच्या वर रोहिदासच्या नोकरीची विनंती होती आणि खाली ताराबाईंच्या मुतखड्याची.

प्रार्थना मेट्रनबाईंच्या घरी व्हायची, संध्याकाळी पाच वाजता. सतरंजीवर अकरा-बारा बायका गोल करून बसायच्या आणि हातात हात धरून साखळी प्रार्थना करायच्या. एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, संपली की शेजारणीचा हात दाबायचा, मग तिनं सुरू करायचं. जिला बोलायचं नसेल तिनं नुसता पुढचा हात दाबायचा, की पाळी पुढे सरकते. साखळी पूर्ण होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि हात सोडायचे नाहीत. हा नियम मेट्रनबाईंचा होता. एकदा वळचणीतनं पाल एकीच्या पदरावर पडली होती, तरी साखळी तुटली नव्हती.

बायकांनी आधी माझ्याकडून सगळी माहिती काढून घेतली. लग्नं झालीत का, आया आहेत का, जेवतात काय. मग त्या मनापासून कामाला लागल्या.

"हे प्रभू, त्या ड्रमवाल्याच्या मनगटांना बळ दे."

"प्रभू, त्याच्या शेजारपाजाऱ्यांना सहनशक्ती दे."

"त्या जाड्या गिटारवाल्याला चांगली बायको मिळू दे, म्हणजे केस तरी कापील."

"प्रभू, त्या गाणाऱ्याचा घसा बरा कर. पूर्वीसारखा गोड कर."

हे शेवटचं सगळ्याच मागायच्या. माझ्या एका बाजूला आई असायची, दुसऱ्या बाजूला मेट्रनबाई. आईची प्रार्थना झाली की ती माझा हात दाबायची आणि मी लगेच मेट्रनबाईंचा दाबायचे. पहिले तीन बुधवार असेच पार पडले. बाजूच्या दुकानातनं ज्येष्ठमध आणून तो त्या गायकाला पोस्टानं पाठवता येईल का, याचीही चौकशी झाली.

चौथ्या बुधवारी आईनं माझा हात दाबला. मी मेट्रनबाईंचा दाबला. त्यांनी माझा हात उलट दाबला.

मला वाटलं, चुकून. मी पुन्हा दाबला. त्यांनी पुन्हा परतवला, जरा जोरात. चाळीस वर्षं नाडी धरलेला हात होता तो, सुटायचं नाव नाही. मी डोळे मिटून गप्प बसले. बायका वाट बघत होत्या. मिनिट गेलं, दोन गेली. स्वयंपाकघरात चहासाठी दूध ठेवलेलं होतं. ते फसफसल्याचा आवाज आला, मग करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. ताराबाई हळूच म्हणाल्या, "प्रभू, दुधाकडे बघ," पण त्यांची पाळी नव्हती, म्हणून ते मोजलं गेलं नाही.

मला राग आला. माझ्यावर, मेट्रनबाईंवर, आणि सगळ्यात जास्त त्या 'पूर्वीसारखा गोड'वर. आणि मी तोंड उघडलं.

"प्रभू," मी म्हणाले.

कुजबुजले नाही. वर्षभर कुणी न ऐकलेला तो आवाज बाहेर आला. जाडा, फाटका, अर्धा बाप्याचा. आईचा हात माझ्या हातात दचकला. मी थांबले असते, पण आता थांबता येईना.

"प्रभू, या सगळ्या त्याचा घसा बरा कर म्हणतात. तू करू नकोस."

कुणीतरी श्वास आत ओढला.

"त्याचा आवाज माझ्यासारखा आहे. असल्या आवाजानं तो लोकांसमोर उभा राहतो. लपवत नाही. हजारो माणसं येतात आणि तोच आवाज मागतात. मी माझ्या घरातसुद्धा बोलत नाही, कारण मी बोलले की पप्पा खाली बघतात. मला दुसरं कुणी नाहीये असं. तो बरा झाला तर मी एकटी राहीन. त्याला तसाच ठेव. आमेन."

त्यावर आमेन म्हणायचं की नाही, हे बायकांना कळेना. अशी प्रार्थना त्या घरात कधी झाली नव्हती. डोळे सगळ्यांचे मिटलेले, आणि नाकं ओढल्याचे आवाज. तेवढ्यात ओसरीवरून एक आमेन आलं. पुरुषाचं. पप्पा आम्हाला न्यायला आले होते आणि चपला काढून दाराशी उभे होते. कधीपासून, ते मला माहीत नाही.

मेट्रनबाईंनी साखळी तिथंच संपवून माझा हात सोडला. "शलोमी," त्या म्हणाल्या, "आता दूध बघ."

शनिवारी समिती पुन्हा बसली. मेट्रनबाईंनी अहवाल दिला, "पेशंटचा घसा तसाच आहे. उपचाराला नातेवाइकांची संमती नाही."

"नातेवाईक कोण?" काकांनी विचारलं.

मेट्रनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. एस्तेरचे आजोबा होते ते. नाताळचं गीत कुणाच्या घरातून कुणाच्या घरात गेलं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"मग आता जाळायचं की नाही?" त्यांनी विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"केस चालू असताना पेशंटचे कागद जाळतात का, बनसोडे?"

"नाही."

"मग प्रार्थना चालू ठेवा."

पाळकसाहेबांनी टाळी वाजवायचंच काय ते बाकी ठेवलं. ठराव पुढे गेला. तो अजून पुढेच जातोय. चिटणीस आता मी आहे, आणि दर वर्षी नव्या वहीत तो विषय मी माझ्या हातानं उतरवते: ख्रिस्ती माणसानं हेवी मेटल ऐकावं की ऐकू नये, याबाबतचा निर्णय प्रार्थनेअंती. मेट्रनबाई गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून अकरा कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यांतल्या सात मध्येच कुठेतरी थांबलेल्या होत्या. मी त्यांना देताना सगळ्या नीट गुंडाळून दिल्या होत्या.

पण त्या समितीच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. रविवार होता. बुधवारपासून घरात माझ्या घशाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी सकाळी मोठ्यानं "मीठ दे" म्हणाले, तेव्हा पप्पांनी मीठ दिलं आणि ते खाली बघत नव्हते, एवढंच.

देवळात मी बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसले. उपासनेचं पहिलं गीत आमच्याकडे वर्षानुवर्षं काळी चारच्या पट्टीत चालायचं, उंच, बायकांच्या सोयीचं. माझ्या जुन्या आवाजासाठीच ती पट्टी ठरली होती, आणि माझा आवाज गेल्यावर ती उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले. पप्पांनी पेटीवर बोटं ठेवली, थांबले, आणि ती डावीकडे सरकवली. सरकवतच नेली. सूर वाजला तो काळी एकचा. पुरुषांचा, त्यातही जाड आवाजाच्या पुरुषांचा.

बायकांत गडबड उडाली. एस्तेरनं वळून पाहिलं. ताराबाई खालचा सूर शोधता शोधता खोकायला लागल्या. पुरुषांच्या बाजूला मात्र बनसोडेकाकांची मान ताठ झाली. दहा-अकरा वर्षं काळी चारपुढे नुसते ओठ हलवत आलेल्या त्या माणसाला पहिल्यांदा त्याच्या गळ्याची पट्टी मिळाली होती. ते छाती फुगवून गायला लागले. पहिल्या ओळीला त्यांचा एकट्याचाच आवाज होता. मग त्यांनी मागे वळून बायकांच्या शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि मानेनं खूण केली, डेपोतनं गाडी सोडताना करत तशी.

दुसऱ्या ओळीला मी आवाज लावला. देवळाचं छत पत्र्याचं होतं. ते थरथरलं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. पप्पांनी मान वर केली नाही. फक्त त्यांचा डावा हात भात्यावर जोरात चालायला लागला, पेटी माझ्यापेक्षा कमी पडू नये म्हणून.